उलामिलाचे नंबरवाले शिंपले

मधल्या खाडीपाशी आम्ही दोघींनी चपला काढून हातात घेतल्या. नुकुतोलू गाव सोडून बराच वेळ झाला होता आणि ट्रक जिथे थांबतो ते टोक अजून तिवरांच्या पलीकडे कुठेतरी होतं. ओहोटी होती म्हणून किनाऱ्याने चालता तरी येत होतं. उलामिलाच्या पाठीवर पिठाचं पोतं होतं. त्यात पीठ नव्हतं, शिंपल्यांची कवचं होती. दोनदा धुतली होती तरी वास सुटला होता, आणि दर पावलाला पोतं खुळखुळत होतं.

"आंटी, हसलात तरी चालेल," ती पुढे बघत म्हणाली. "मामाचा सेमेसा परवापासून हसतोय."

"मला कुठे हसू येतंय?"

"येतंय. मघापासून पदर तोंडाला लावलाय तुम्ही."

"वासामुळे लावलाय."

"बरं," ती म्हणाली आणि पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

त्या पोत्यात उलामिलाची एम. एस्सी. होती. सगळी नव्हे, निम्मी. उरलेली निम्मी नुकुतोलूच्या गावकऱ्यांच्या पोटात गेली होती आणि तिचा चांगला मोठा वाटा तिच्या मार्गदर्शकांच्या पोटात.

उलामिला शहरात माझ्या घराच्या मागच्या खोलीत राहायची. मूळची प्रशांत महासागरातल्या या बेटाच्या डोंगरातली, नदीकाठची. वडिलांच्या गावातून समुद्र दिसतसुद्धा नाही. दहा वर्षं ती एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होती. मुलांना बेडूक शिकवला, हृदयाचे कप्पे शिकवले, आणि स्वतःच्या मोठ्या आवाजावर वर्ग ताब्यात ठेवला. मग वरून हुकूम आला की यापुढे विभागप्रमुख व्हायचं तर मास्टर्स पाहिजे. दोन वर्षांची रजा मिळाली. दोन वर्षांत पदवी, नाहीतर परत बेडूक, आणि तेही कुठल्या लांबच्या बेटावर ते वरचे ठरवणार.

संशोधनाचा विषय विद्यार्थ्याने स्वतः निवडायचा असतो. निवडून झाला की मार्गदर्शक तो बदलून देतात. उलामिलाला तिच्या नदीतल्या वांबींवर काम करायचं होतं. तिचे मार्गदर्शक डॉ. ट्रेवेनन ऑस्ट्रेलियातून आलेले, सज्जन गृहस्थ, आणि त्यांचा सगळा जन्म शिंपल्यांत गेलेला. त्यांनी वांबींबद्दल सगळं शांतपणे ऐकून घेतलं, छान आहे म्हणाले, आणि बैठक संपली तेव्हा वांबींचे काइकोसो झाले होते. काइकोसो म्हणजे आपल्याकडच्या खुब्यांचा जाड कवचाचा थोरला भाऊ. बायका ओहोटीला चिखलात बसून बोटांनी उकरून काढतात आणि नारळाच्या दुधात शिजवतात.

चिखल तर डोंगरात नसतो. पण उलामिलाच्या आईचं माहेर नुकुतोलू, अगदी चिखलाच्या काठावर. आणि मामाच्या गावात भाचीने काही मागायचं नसतं, घ्यायचं असतं. कोंबडी घ्यावी, चटई घ्यावी, दोरीवरचा सदरा घ्यावा. मामाने वर हसायचं. तिथली ही रीत कोणी कागदावर लिहिलेली नाही म्हणून ती मोडत नाही.

चिखल मात्र सगळ्या गावाचा, म्हणून तिने यांगोनाच्या, म्हणजे तिथल्या मानाच्या पेयाच्या, मुळ्यांची जुडी मामांपुढे ठेवली आणि चिखल मागितला.

इनोके मामा गावचे प्रमुख. रुंद छाती, पांढरे केस, बोलणं सावकाश. त्यांनी विचारलं, "करायचं काय आहे नेमकं?"

प्रबंधाचं नाव होतं, 'समुदायाने राखलेल्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील काइकोसो शिंपल्यांची वाढ आणि दाटी: एक तौलनिक अभ्यास'. उलामिलाने ते सगळं म्हणून दाखवलं. मामांचा मुलगा सेमेसा म्हणाला, "आमेन."

मग तिने नीट सांगितलं. चिखलाचा एक तुकडा वर्षभर कोणी खणायचा नाही. शेजारचा तुकडा नेहमीसारखा खणायचा. दोन्हीकडच्या काही शिंपल्यांना ती नंबर चिकटवणार. वर्षाने दोन गोष्टी बघायच्या: राखलेल्या तुकड्यातले शिंपले जास्त मोठे होतात का, आणि संख्येने वाढतात का.

"म्हणजे बंदी घालायची," मामा म्हणाले. बंदी त्यांना नवी नव्हती. मोठा सरदार वारला की समुद्राचा तुकडा बंद करायचा, नेमलेले दिवस भरले की उघडायचा, हे तिथे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. "वर्षभर. आणि वर्ष झालं की?"

"वर्ष झालं की माझं काम संपलं."

"बरं. आणि नंबरवाले?"

"ते खास आहेत, मामा. ते फार महत्त्वाचे. त्यांना दुसऱ्यांत मिसळू द्यायचं नाही."

"खास," मामांनी मान डोलावली, आणि मागे बसलेल्या तोकासा मामींनीही डोलावली.

विद्यापीठाच्या समितीने एक अट घातली होती की संशोधनात स्थानिक समाजाचा पूर्ण सहभाग पाहिजे. उलामिलाने लिहून दिलं की राहील. तो किती पूर्ण असेल याची समितीला तेव्हा कल्पना नव्हती.

मग वर्षभर तिच्या खेपा सुरू झाल्या. शिंपला काढायचा, फडक्याने पुसायचा, फुंकर मारून वाळवायचा, गोंदाचा ठिपका, त्यावर निळी चकती, चकतीवर आकडा, लांबी मोजायची आणि परत चिखलात. सेमेसा काठावर उभा राहून बघायचा. मामेभावाने चेष्टा करायची हे तिथे कामच असतं आणि सेमेसा ते मन लावून करायचा.

"शिंपल्यांना नंबर दिलेस. आमच्या घरांना अजून नाहीत."

"तू चिखलात जाऊन पड, तुलाही देते."

"मला नको. मला नंबर लावलास तर तू माझी लांबी मोजशील आणि म्हणशील, वाढ नाही."

बायकांचं दुसरंच चाललेलं असायचं. हे मास्टर्स संपलं की लग्न का, असं कोणीतरी विचारायचं. उलामिला म्हणायची, आधी शिंपल्यांचं होऊ दे.

चांगली ओहोटी पुष्कळदा रविवारी यायची. रविवारी नुकुतोलूत कोणी काम करत नाही. नारळसुद्धा शनिवारी खवून ठेवतात. उलामिला पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये बसायची आणि खिडकीतून मोकळा पडलेला चिखल बघायची. तिच्या आकडेवारीत रविवारच्या जागा कोऱ्या आहेत. डॉक्टरांनी विचारलं, इथे काय झालं? ती म्हणाली, "देवाचा दिवस होता." डॉक्टरांनी तिला संगणकात कोऱ्या जागा भरण्याची पद्धत शिकवली. देवाचा दिवस सरासरीने भरून निघतो हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टर एरवी विमानात असायचे. प्रशांत महासागरातल्या गावांनी आपले किनारे कसे राखावेत यावर ते जगभर भाषणं देत, त्यामुळे इथल्या किनाऱ्यावर यायला त्यांना सवड नव्हती. उलामिला त्यांना पानंच्या पानं पाठवायची आणि कुठल्यातरी विमानतळावरून उत्तर यायचं, 'छान. चालू ठेव.'

तिच्या दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं. मी स्वतः वाचलं आहे, कारण ती मला इंग्रजी वाचायला द्यायची आणि म्हणायची, तुम्हाला समजलं तर सगळ्यांना समजेल. वाक्य असं: 'बंदी घातलेला पट्टा मुदत संपल्यावर परंपरेने मानाच्या पाहुण्याच्या जेवणासाठी उघडला जातो.' त्याखाली पाच ग्रंथांचे आधार दिलेले. डॉक्टरांनी समासात लिहिलं होतं, 'उत्तम. आणखी एक आधार दे.' तिने आणखी एक दिला.

वाक्य तिनेच लिहिलं, आधार तिनेच जोडले, लहानपणापासून अशी जेवणं ती स्वतः जेवली होती. पण ते प्रबंधातलं गाव होतं आणि हे मामाचं. दोन्ही एकच आहेत हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

वर्ष भरत आलं. शेवटची मोजणी पुढच्या आठवड्यात ठरली आणि त्याआधीच्या शनिवारी डॉक्टर मोकळे निघाले. त्यांना कामाची जागा बघायची होती, फोटो हवे होते. उलामिलाने मामांना फोन केला. माझ्याच स्वयंपाकघरात उभी होती.

"मामा, माझे मोठे सर येतायत, शनिवारी."

पलीकडून विचारलं असावं. ती म्हणाली, "हो, वर्ष झालंच की." मग म्हणाली, "फार मोठे. सगळं त्यांच्याच हातात आहे." मग हसली आणि फोन ठेवला. "मामा म्हणाले, तू काळजी करू नकोस." आणि खरोखरच तिने केली नाही.

डॉक्टरांनी होडी ठरवली होती, तिच्यात जागा होती म्हणून मीही गेले. आम्ही पोचलो तेव्हा भरती होती. चिखल पाण्याखाली, वर नुसता चकचकाट. डॉक्टरांनी पाण्याचे फोटो काढले. यांगोना झाली, भाषणं झाली. मामा म्हणाले की आमच्या भाचीने आमच्या चिखलाला विद्यापीठात नेलं, आणि आज विद्यापीठ आमच्या घरी जेवायला आलं आहे. मग लांबच लांब कापड अंथरलं. भुईतल्या भट्टीतलं डुक्कर आलं, दालोचे कंद आले, माझ्यासाठी तोकासा मामींनी वेगळी शिजवलेली पालेभाजी आली. प्रार्थना झाली. डोळे उघडले तेव्हा डॉक्टरांपुढे एक मोठा लाकडी वाडगा होता, नारळाच्या दुधाने भरलेला. त्यात काइकोसो, आणि प्रत्येकाच्या पाठीवर निळी चकती.

डॉक्टरांना आधी दिसलं नाही, चष्म्यावर वाफ आली होती. त्यांनी एक उचलला, खाल्ला, डोळे मिटले, म्हणाले, "अप्रतिम." कवच खाली ठेवताना त्यांची नजर आकड्यावर गेली. त्यांनी चष्मा पुसला. मग हळूच म्हणाले, "उलामिला, हे नमुने आहेत का?"

"हो, डॉक्टर," ती म्हणाली. "आत्तापर्यंत होते."

मामा आनंदाने पुढे सरकले. "सगळा पट्टा उघडला. पहाटेपासून अख्खं गाव चिखलात होतं, एक कोपरा ठेवला नाही. दुसऱ्या तुकड्यातलेसुद्धा काढले. आणि नंबरवाले सगळे वेगळे, तू सांगितलं होतंस तसे. एकही मिसळला नाही. पोरं मागत होती, तुझ्या मामीने हात लावू दिला नाही. म्हटलं, हे खास आहेत."

मी उलामिलाकडे बघितलं. तिचा चेहरा वर्गात पाहणी चालू असताना शिक्षकाचा होतो तसा झाला होता. तिला काहीतरी बोलता आलं असतं. पण समोर तोकासा मामी बसल्या होत्या, ज्यांनी वर्षभर दारातला बंद चिखल सोडून, उघडा तुकडा पुरेना म्हणून शेजारच्या गावाच्या हद्दीत जाऊन, तिथल्या बायकांचे टोमणे खाऊन शिंपले आणले होते. आणि सगळं गाव तिच्या हाताकडे बघत होतं. तिने वाडग्यात हात घातला, एक उचलला आणि खाल्ला.

"कसे आहेत?" मामांनी विचारलं.

"मोठे झालेत, मामा."

"बघ," मामा सेमेसाला म्हणाले.

सेमेसाला कळलं होतं. तो उठून घरामागे गेला आणि तिथून त्याच्या हसण्याचा आवाज आला. डॉक्टरांनी विज्ञानाच्या या हानीचं दुःख दोनदा वाढून घेऊन केलं आणि संध्याकाळच्या होडीने विमान गाठायला गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. कवचं स्वयंपाकघरामागच्या खड्ड्यात पडलेली, आणि कामाला बंदी. चर्चमध्ये उलामिला माझ्याशेजारी बसली होती. मी माझ्या देवाचं नाव घेत होते, ती तिच्या. आणि दोघींचं लक्ष खिडकीबाहेर खड्ड्याकडे जाणाऱ्या एका डुकरावर. पाद्रींनी त्या दिवशी संयमावर सांगितलं. सोमवारी उजाडताच ती खड्ड्यात उतरली, मी वर उभी राहून पोतं धरलं, आणि म्हणून मग तो किनारा आम्ही चालत काढला.

पुढचे काही आठवडे माझ्या मागच्या पडवीत ती कवचं मोजत बसली. शेजारच्या बाईने दोनदा विचारलं, काही मेलं आहे का. पण वाढीचा हिशेब लख्ख निघाला. मोजायला कवच पुरतं, आतला प्राणी लागत नाही. राखलेल्या तुकड्यातले शिंपले खरंच मोठे झाले होते. दाटीचं मात्र काहीच उरलं नव्हतं. शेवटी चिखलात किती शिंपले होते हे मोजायला चिखलात शिंपले लागतात.

डॉक्टरांनी यावर विचार केला आणि तोडगा काढला. "लिही की खराब हवामानामुळे शेवटची मोजणी होऊ शकली नाही. वादळ. सगळे समजून घेतात."

"आमच्याकडे वादळांना नावं असतात, डॉक्टर," उलामिला म्हणाली. "कुठलं ते विचारतील."

"नाव नको घालूस."

"मग तर नक्कीच विचारतील. आणि मी रविवारी कुठल्या तोंडाने बसू?"

तिने जे लिहिलं ते एकच ओळ होती: 'मुदत संपल्यावर गावाने रीतीप्रमाणे पट्टा उघडला, अंतिम मोजणी झाली नाही.' डॉक्टर नाराज झाले, पण ते जेवले होते, त्यामुळे फार बोलता येईना.

न्यूझीलंडच्या परीक्षकबाईंनी सगळा प्रबंध बारकाईने वाचला. वाढीचं प्रकरण त्यांना आवडलं. त्या एका ओळीखाली मात्र त्यांनी लिहिलं: 'कोणी उघडला, कशासाठी, विद्यार्थिनीने का थांबवलं नाही? खुल्या सादरीकरणात खुलासा करावा.' खुलासा पटला तर पदवी. नाही पटला तर आणखी एक वर्ष चिखल, आणि रजा तर संपलेली.

"खरं सांग," मी म्हटलं. "खरं आहे ते वाईट नाही."

"सांगणारच आहे. त्याची भीती नाही मला," ती म्हणाली. ती कपडे इस्त्री करत होती, सादरीकरण दोन दिवसांवर होतं. "मामा येतायत."

"कुठे?"

"ऐकायला. खुलं आहे ना. एक व्हॅन भरून येतायत, चटया घेऊन. पुढच्या रांगेत बसणार. आणि मामा तरुणपणी सैन्यात होते आंटी, त्यांना इंग्रजी माझ्याइतकंच येतं."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. इनोके मामांना अजून काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी भाचीचं काम मानाने पार पडलं होतं.

"समजलं तर मनाला लागेल त्यांच्या," मी म्हटलं.

"लागण्यावर थांबलं तर बरं. ते घरी जातील, माफीसाठी द्यायचा तो घरातला मानाचा देवमाशाचा दात घेतील आणि परत येतील. विद्यापीठात. सगळ्यांपुढे जमिनीवर बसून माफी मागतील, की आमच्या गावाने तुमच्या विद्यार्थिनीचं नुकसान केलं. आणि तो दात कोणी घ्यायचा? डॉक्टरांनी. ज्यांनी दोनदा वाढून घेतलं." तिने इस्त्री उभी केली. "आणि गावात ते कायमचं राहील. भाचीच्या कामाची माती केली म्हणून. वर्षभर मामी लोकांच्या चिखलात गेली, आंटी. घातलेल्या जेवणाची माफी मागायची वेळ मला त्यांच्यावर आणायची नाही."

"मग त्यांना येऊ नका म्हण."

"मामाला?" ती म्हणाली, आणि मी तो विषय सोडला.

तिने सदऱ्याची बाही उलटली, ती आधीच इस्त्री झालेली होती, तरी परत फिरवली.

"तुम्ही त्यांच्या शेजारी बसाल? माझं बोलणं पुरं ऐकू दे त्यांना, टाळ्या वाजवू दे. मग अध्यक्ष म्हणतील, आता प्रश्न. तेव्हा तुम्हाला चक्कर येऊ दे. त्यांच्या दंडाला धरा आणि म्हणा, मला जरा बाहेर न्या. ते लगेच उठतील."

"तुला वादळ चालत नव्हतं," मी म्हटलं, "आणि माझी चक्कर चालते?"

"वादळ प्रबंधात जाणार होतं. चक्कर फक्त अंगणापर्यंत जायची आहे." तिने इस्त्री बंद केली. "तुम्हाला देवाची अडचण असेल तर चक्कर नका म्हणू, आंटी. नुसतं म्हणा, इनोके, मला इथे गुदमरतंय. त्या खोलीत सगळ्यांनाच गुदमरतं, ते काही खोटं नाही. आणि बाहेर नेलंत की त्यांना तुमच्या गावाकडचं काहीतरी विचारायला लावा, त्यांना आवडतं. फक्त मी दारात येऊन हात करेपर्यंत आत येऊ देऊ नका. एवढं कराल?"